धूर टर्बोतून, दोष ब्रीदरमध्ये : बेळगावात टर्बो इंजिन उभारताना

जुन्या मारुती एस्टीमचे इंजिन टर्बोवर, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात दाबाने हवा भरणाऱ्या यंत्रावर, नेण्याचे काम आम्ही मित्रांनी हाती घेतले, तेव्हा शक्ती किती वाढेल याचे गणित मांडायला फारसा वेळ लागला नव्हता. सुझुकीचे जी१३बीबी हे १२९८ घन सेंटिमीटरचे, सोळा व्हॉल्व्हचे इंजिन आहे. बोअर ७४ मिलिमीटर, स्ट्रोक ७५.५ मिलिमीटर, ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा आणि त्यात लोखंडी लायनर. फोर्ज केलेले पिस्टन घालून कॉम्प्रेशन ८.५ वर आणायचे, ०.७ बार बूस्ट (बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब) द्यायचा आणि साधारण १४० अश्वशक्ती घ्यायची, असा बेत होता. हा बेत कागदावर आजही बरोबर आहे. मात्र कागद आणि डायनो (इंजिनाची शक्ती मोजणारे यंत्र) यांच्यामध्ये जे अडथळे आले, त्यांची नीट नोंद मराठीत मला कुठेच सापडली नाही. या भागातली बरीच तरुण मुले आता या कामाकडे वळत आहेत, म्हणून ही नोंद तपशीलवार लिहीत आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत असा बदल केलेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. आमची गाडी केवळ ट्रॅकसाठी आहे आणि शेडमधून ती ट्रेलरवरच बाहेर पडते.

हे काम बेळगावात करण्याचा फायदा बाहेरच्या माणसाच्या पटकन लक्षात येत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये येथे सायकलींचे दुकान काढले, तेव्हापासून या गावाचा हात यंत्रावर बसलेला आहे. आज उद्यमबाग आणि मच्छे या भागांत फाउंड्री आहेत, क्रँकशाफ्टचे मशिनिंग होते, हायड्रॉलिक व्हॉल्व्हचे काही मायक्रॉनमध्ये मोजले जाणारे काम होते. एखादा भाग येथे जमला नाही तर महामार्गाने वर कोल्हापूरला, शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या वसाहतीत तो होऊन जातो. लेथवरचा कारागीर कानडीत बोलो की मराठीत, माप मात्र दोघेही ‘थाऊ’मध्येच, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात, सांगतात. एवढी मोजमापाची साधने हाताशी असताना अंदाजाने इंजिन खोलणे मला पटत नाही, आणि पुढे आलेल्या प्रत्येक अडथळ्याने हे मत अधिकच पक्के केले.

पहिला मोठा अडथळा निळ्या धुराचा होता. इंजिन सुरू झाले, आवाज स्वच्छ होता, तेलाचा दाब योग्य होता. डायनोवर गाडी बूस्टमध्ये ओढून झाली आणि इंजिन आयडलवर आले, की सायलेन्सरमधून दाट निळा धूर येऊ लागे आणि काही वेळाने आपोआप विरळ होई. बघणाऱ्या प्रत्येकाचे एकच निदान होते : टर्बोचे सील गेले. टर्बो नवा होता, तरी विक्रेत्याने तो खोलून सील बदलून दिले. धुरात काहीही फरक पडला नाही.

ऑटोनगरला ट्रकचे टर्बो दुरुस्त करणारे एक वयस्कर मिस्त्री आहेत, त्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो. त्यांनी टर्बो हातात घेतला, शाफ्ट बोटांनी वरखाली आणि पुढेमागे हलवून पाहिला आणि म्हणाले, “तुम्ही सगळी शील शील म्हणालायसा, खरं त्येच्यात रबर हाय कुठं? तेल खाली उतरालंय का न्हाई त्ये बघा की आदी.”

मामांचे म्हणणे शब्दशः खरे आहे. क्रँकच्या टोकाला जसे रबरी ऑइल सील असते, तसे टर्बोच्या शाफ्टवर नसते. तेथे पिस्टन रिंगसारख्या बारीक धातूच्या रिंगा असतात. त्या तेल पूर्णपणे अडवू शकत नाहीत. आतले तेल लगेच खाली निघून जाईल आणि बाहेरच्या बाजूला आतल्यापेक्षा किंचित जास्त दाब राहील, या भरवशावर ही रचना उभी असते. बेअरिंगमधून बाहेर पडणारे तेल घुसळलेल्या ताकासारखे फेसाळलेले असते आणि त्याला खाली खेचायला गुरुत्वाकर्षणाशिवाय दुसरे काही नसते. म्हणूनच परतीची नळी जाड हवी, तिचा आतला व्यास निदान अर्धा इंच हवा, उभ्या रेषेपासून ती ३५ अंशांपेक्षा जास्त कललेली नसावी आणि चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेल साठणाऱ्या भागात, ती तेलाच्या पातळीच्या वर उघडावी. हे सर्व आमच्या इंजिनात होते. नळी काढून पाहिली, तिच्यात कुठे वाक नव्हता, गॅस्केटचा तुकडा अडकलेला नव्हता, वेल्डिंगचा थेंब आत आलेला नव्हता.

राहिला प्रश्न चेंबरमधल्या दाबाचा. परतीच्या नळीतून तेल खाली येते, त्याच नळीतून चेंबरमधला वायू वर चढू पाहतो, आणि चेंबरमध्ये दाब वाढला की दोघे समोरासमोर येऊन तेल अडते. अडलेले तेल टर्बोच्या आतच साचते, रिंगांच्या फटीतून टर्बाइनच्या बाजूला शिरते आणि तापलेल्या लोखंडावर जळते. बूस्ट असेपर्यंत टर्बाइनच्या बाजूचा दाब त्याला थोपवून धरतो. इंजिन आयडलवर आले की तो दाब उतरतो आणि साचलेले तेल बाहेर पडते. आमचा धूर नेमका त्याच वेळी येत होता.

हे मोजायला महाग उपकरण लागत नाही. गवंडी लेव्हल घेण्यासाठी वापरतात तशी पारदर्शक नळी घेतली, ती इंग्रजी यू अक्षरासारखी फळीवर बांधली, निम्मी पाण्याने भरली, एक टोक डिपस्टिकच्या नळीवर घट्ट बसवले आणि दुसरे हवेत मोकळे ठेवले. शेजारी पोलादी पट्टी लावली. दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीत १०० मिलिमीटरचा फरक पडला, तर चेंबरमधला दाब साधारण एक किलोपास्कल आहे असे समजावे. नळी पुरेशी उंच ठेवणे महत्त्वाचे आहे, नाहीतर चेंबरमध्ये ओढ तयार झाल्यावर ते पाणी इंजिनात जाईल. आयडलला पाणी दोन्हीकडे जवळजवळ समान होते. गाडी बूस्टमध्ये गेली तसे मोकळ्या बाजूचे पाणी पट्टीवर सरसर चढत गेले आणि वरून बाहेर उडाले.

एवढा दाब मुख्यतः दोन वाटांनी येऊ शकतो. पहिली वाट पिस्टन रिंगांची. ती आधी तपासून घेणे आवश्यक होते, कारण टर्बोच्या इंजिनात रिंगच्या टोकांमधली फट मुद्दाम जास्त ठेवावी लागते. दर इंच बोअरमागे साडेचार ते पाच थाऊ धरले, तर ७४ मिलिमीटरच्या बोअरला वरच्या रिंगची फट ०.३३ ते ०.३७ मिलिमीटर येते. फट कमी ठेवली तर उष्णतेने रिंगची टोके एकमेकांना भिडतात आणि पिस्टनचा काठ तुटतो, म्हणून ती मोठी असणे हा दोष नाही. लीकडाउन चाचणीत (सिलिंडरमध्ये हवा भरून ती किती गळते ते पाहणे) चारही सिलिंडर चांगले निघाले. दुसरी वाट होती मूळ इंजिनाचा पीसीव्ही व्हॉल्व्ह. हा छोटा व्हॉल्व्ह चेंबरमधला वायू इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत, सोडतो आणि बिनटर्बोच्या इंजिनात मॅनिफोल्डमध्ये नेहमी ओढच असल्याने तो आपले काम चोख करतो. टर्बो बसवला की त्याच मॅनिफोल्डमध्ये ०.७ बारचा दाब येतो, आणि त्या व्हॉल्व्हची नाजूक स्प्रिंग तो दाब उलट दिशेने थेट चेंबरमध्ये जाऊ देते. आम्ही त्या जागी मॅनिफोल्डमधला दाब उलट येऊ न देणारा चेक व्हॉल्व्ह बसवला आणि हेड कव्हरपासून कॅच कॅनपर्यंत (तेलाचे थेंब अडवणारा डबा) जाड ब्रीदर नळी, म्हणजे चेंबरमधला वायू बाहेर नेणारी नळी, ओढली. नंतरच्या चाचणीत पाणी पट्टीवर जेमतेम हलले आणि धूर थांबला. टर्बोचे सील शेवटपर्यंत निर्दोष होते.

पुढचा अडथळा अधिक खर्चाचा होता. बूस्टमध्ये थोडा वेळ चालवल्यावर रेडिएटरचा वरचा होज दगडासारखा कडक होई आणि कूलंट बाटलीतून बाहेर येई. तापमान मात्र वाढत नसे. म्हणजे पाणी उकळत नव्हते, सिलिंडरमधला वायू त्यात शिरत होता. येथे थोडा हिशेब करण्यासारखा आहे. ७४ मिलिमीटर बोअरचे क्षेत्रफळ ४३ चौरस सेंटिमीटर येते. ज्वलनाचा कमाल दाब ८० बार धरला, तर एका सिलिंडरवर हेड उचलू पाहणारे बळ साडेतीन टनांच्या आसपास जाते. मूळ इंजिनात जी बारीकशी उणीव वर्षानुवर्षे खपून जाते, ती या बळापुढे उघडी पडते.

कॉम्प्रेशन चाचणीत चारही आकडे सारखेच आले, आणि हे अपेक्षितच होते, कारण स्टार्टरने फिरवताना तयार होणारा दाब खऱ्या ज्वलनाच्या दाबाच्या काही अंशच असतो. लीकडाउनसाठी प्रत्येक पिस्टन वरच्या टोकाला आणून सिलिंडरमध्ये हवा भरली आणि रेडिएटरचे झाकण उघडे ठेवून आत बॅटरीचा प्रकाश टाकला. पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरला पाणी शांत राहिले. दुसऱ्याला एखाददुसरा बुडबुडा आला आणि तिसऱ्याला सतत बारीक बुडबुडे येऊ लागले. रिंगांसाठी केलेल्या आधीच्या चाचणीत ही गळती टक्केवारीत दिसण्याएवढी मोठी नव्हती. ती डोळ्यांनीच दिसणारी होती.

हेड उतरवले तेव्हा दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधल्या पट्टीवर गॅस्केट काळे पडले होते. हेडचे फेसिंग (पृष्ठभाग कापून सपाट करणे) नवेच होते आणि स्ट्रेट एजखाली ते अगदी सपाट भरले. ब्लॉकवर तीच पट्टी ठेवली, तेव्हा मधल्या भागात ०.०८ मिलिमीटरची फिलर पाती सहज आत गेली. ज्या वर्कशॉपने हेड आणि ब्लॉक दोन्ही ‘तपासून’ दिले होते, त्यांनी ब्लॉकचा माथा मोजलाच नव्हता. या बाबतीत माझे मत कठोर आहे. फेसिंगचे पैसे घेणाऱ्याने मोजमापाची चिठ्ठी दिलीच पाहिजे आणि गिऱ्हाईकाने ती मागितलीच पाहिजे.

सपाटी हा अर्धाच भाग झाला. आम्ही वापरत असलेले पोलादी थरांचे गॅस्केट खरखरीत पृष्ठभागावर नीट बसत नाही. जुन्या जाड पॅकिंगला जे ओरखडे चालत, ते याला चालत नाहीत. पृष्ठभागाचा खरबरीतपणा १.३ मायक्रॉनच्या आत असावा लागतो. उद्यमबागेत हायड्रॉलिक स्पूल बनवणाऱ्या एका ओळखीच्या कारखान्यात हे मोजण्याचे यंत्र आहे. त्याची सुई ब्लॉकवरून काही मिलिमीटर सरकते आणि पडद्यावर डोंगरदऱ्यांची रेषा उमटते. आमच्या ब्लॉकची रेषा पाहून तिथल्या तपासनिसाने काही न बोलता मान हलवली. ब्लॉकचा माथा ०.१० मिलिमीटर काढून घेतला, तेव्हा कारागिराने कटरची फीड मुद्दाम अगदी कमी ठेवली आणि दुसऱ्या मोजणीत आकडा मर्यादेच्या बराच आत आला. एवढे काढल्याने कॉम्प्रेशन किती वाढते, हे पुष्कळ जण विचारतात. ०.१० मिलिमीटरने ज्वलनकक्षाचा ०.४३ घन सेंटिमीटर भाग कमी होतो, आणि ८.५ चे कॉम्प्रेशन ८.६ लाही पोहोचत नाही. त्याची भीती बाळगून वाकडा ब्लॉक तसाच ठेवण्यात काहीच अर्थ नाही. बोल्टच्या जागी स्टड बसवले, कारण अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यांवर बोल्ट फिरवून ताण देण्यापेक्षा स्टड आत बसवून वर नट आवळणे त्या आट्यांना सोसते. त्यानंतर होज मऊ राहिला.

तिसरा अडथळा सर्वांत फसवा होता, म्हणून त्याच्याबद्दल थोडे अधिक सांगतो. पूर्ण बूस्टमध्ये पाच हजार आरपीएमच्या वर गाडी झटके देऊ लागली आणि त्याच क्षणी एक्झॉस्टमधला वाइडबँड सेन्सर मिश्रण पातळ, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, असल्याचे दाखवू लागला. स्वाभाविक उपाय म्हणजे पेट्रोल वाढवणे. वाढवले, तर झटके वाढले. फ्युएल रेलवरचा दाब मोजला, तो बूस्टबरोबर ३ बारवरून ३.७ वर जात होता, म्हणजे पंप आणि रेग्युलेटर ठीक होते. सेन्सर खोटे बोलत नव्हता, पण तो पेट्रोल मोजत नाही, एक्झॉस्टमधला उरलेला ऑक्सिजन मोजतो. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडलीच नाही, तर तिथला सगळा ऑक्सिजन न जळता बाहेर येतो आणि सेन्सर त्यालाच पातळ मिश्रण समजतो. मिश्रण गरजेपेक्षा घट्ट केले की ठिणगीला ते पेटवणे आणखी जड जाते. म्हणजे गाडी मिसिंग करत होती आणि आकडे पेट्रोलकडे बोट दाखवत होते.

सिलिंडरमधला दाब वाढला की प्लगच्या फटीतून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागते. फट १.१ मिलिमीटर होती, ती ०.७ केली आणि एक पायरी थंड, म्हणजे उष्णता लवकर सोडणारे, प्लग घातले. झटके तिथेच संपले. कॉइलला मिळणारे व्होल्टेजही त्याच वेळी मोजून घेतले. जुन्या वायरिंगमध्ये ते अर्ध्या व्होल्टाहून अधिक गळत होते, म्हणून बॅटरीपासून थेट रिले टाकून नवी वायर ओढली.

इंधनाचा विषय आमच्या जिल्ह्यात वेगळ्या अर्थाने घरचा आहे. येथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस दिसतो, साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत इथेनॉल तयार होते आणि तेच पंपावरच्या पेट्रोलमध्ये मिसळलेले असते. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त नऊ पट. त्यामुळे वीस टक्के मिश्रणाला हा आकडा साधारण साडेतेराच्या आसपास येतो. ज्यांचा मीटर १४.७ धरून आकडे दाखवतो, त्यांनी ते आकडे सोडून लॅम्बडावर (प्रत्यक्ष हवा भागिले लागणारी हवा) काम करावे, कारण लॅम्बडा १ म्हणजे पूर्ण ज्वलन, मग इंधन कोणतेही असो. इथेनॉलचा एक फायदाही आहे : त्याचे ऑक्टेन जास्त असते आणि बाष्प होताना ते बरीच उष्णता शोषून घेते, त्यामुळे नॉकिंग (मिश्रण वेळेआधी आपोआप पेटून बसणारे ठोके) मागे सरते. बूस्ट आणि नॉकिंग यांचे वैर टर्बो गाड्यांइतकेच जुने आहे. अमेरिकेत १९६२ मध्ये आलेल्या ओल्ड्समोबिल जेटफायरमध्ये तर नॉकिंग रोखण्यासाठी पाणी आणि अल्कोहोल यांचे मिश्रण वेगळ्या टाकीतून फवारले जात असे. आमच्या इंजिनात इग्निशन थोडे मागे घेऊन आणि पूर्ण बूस्टमध्ये लॅम्बडा ०.८० च्या आसपास ठेवून काम भागले.

बेळगावची उंची हाही एक छुपा घटक आहे. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे आणि येथे हवेचा दाब ०.९२ बारच्या आसपास असतो. बूस्ट मर्यादेत ठेवणारी झडप म्हणजे वेस्टगेट; तिची स्प्रिंग बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाब मोजते, त्यामुळे मीटरवर सगळीकडे ०.७ च दिसते. येथे मॅनिफोल्डमधला खरा दाब १.६२ बार असतो. तीच गाडी चेन्नईजवळच्या ट्रॅकवर, जवळपास समुद्रसपाटीला नेली, तर तो १.७१ होतो, म्हणजे इंजिनात पाच टक्के जास्त हवा जाते. बेळगावात ईसीयूचा (इंधन आणि ठिणगी ठरवणाऱ्या संगणकाचा) तक्ता इथल्या दाबापर्यंतच भरून थांबणाऱ्याला ही पाच टक्के हवा पिस्टनच्या किमतीला पडू शकते. तक्त्याच्या वरच्या ओळी आधीच भराव्यात आणि त्या ओळींत इग्निशन मुद्दाम सावध ठेवावे.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा प्रश्न मात्र अजून मिटलेला नाही. स्टेनलेस पाइप वेल्ड करून केलेला मॅनिफोल्ड दुसऱ्या आणि तिसऱ्या नळीच्या सांध्यावर तडकला. बूस्ट उशिरा येऊ लागला आणि आयडलला बाहेरची हवा आत ओढली जाऊन सेन्सरचे आकडे पुन्हा बिघडले. ३०४ स्टेनलेस तापल्यावर ओतीव लोखंडाच्या जवळपास दीडपट प्रसरण पावते, टर्बोचे वजन त्याच सांध्यांवर लटकते आणि हेडला पक्के आवळलेले फ्लँज त्याला हलू देत नाहीत. टर्बोला खालून आधार दिल्यावर तडा पुढे गेला नाही, तरी हा कायमचा उपाय नव्हे. कंपन्या अशा जागी सिलिकॉन आणि मॉलिब्डेनम मिसळलेले डक्टाइल आयर्न वापरतात, ते याच कारणासाठी. ज्या गावात फाउंड्री आहेत, तिथे मॅनिफोल्ड ओतूनच घ्यावा असे माझे ठाम मत झाले आहे. त्याचा लाकडी पॅटर्न तयार झाला असून आतली पोकळी घडवणाऱ्या कोअर बॉक्सचे काम सुरू आहे.

त्याबरोबरच इंटरकूलरची, म्हणजे टर्बोतून आलेली तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीची, मोजणी बाकी आहे. ३० अंशांची हवा इथल्या दाबावर ०.७ बारपर्यंत दाबली आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ६५ टक्के धरली, तर ती बाहेर पडताना ११० अंशांच्या आसपास तापलेली असते. इंटरकूलरच्या आधी आणि नंतर प्रत्येकी एक सेन्सर बसवला आहे. एप्रिलच्या उन्हात डायनोवर दोन्ही आकडे काय येतात, त्यावरून पुढचा कोअर किती जाडीचा घ्यायचा ते ठरेल.